अजून ओल आहे

मी तळघरातल्या खड्ड्यात बसणारा पंप बोलतोय. तुम्ही मला पाहिलं नसेल; माझ्यावर झाकण असतं. जमिनीतलं पाणी खड्ड्यात साचलं की माझा चेंडू तरंगत वर येतो, मी सुरू होतो आणि पाणी पाइपातून बाहेर फेकतो. एवढंच माझं काम.

कारखान्यात एका बाईने मला जोडलं. शेवटचा स्क्रू पिळून तिने मला हौदात सोडलं, कान देऊन ऐकलं, "चालतोय" म्हणाली आणि पुढच्या पंपाला हात घातला. तिथून मी थेट या सुतारांच्या घरी आलो.

तेव्हा दोघे भाऊ तळघरात काम करायचे. लाकडाला ओल सोसत नाही, म्हणून मला आणलं. माझा खड्डाही दोघांनी मिळून खणला. थोरल्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, हवं होतं म्हणून ते एक कपाट करत होते. दारांवरून बिनसलं. धाकट्याला ती मशिनवर कापायची होती, थोरल्याला हाताने.

"हात दुखत असतील तर जा मशिनवाल्यांकडे," थोरला म्हणाला.

धाकटा खरंच गेला. लांबच्या शहरात, फर्निचरच्या कारखान्यात.

नऊ वर्षं कपाट दारांविना उभं राहिलं. वहिनी कधीमधी म्हणायची, "अहो, तुम्हीच लावा ना दारं."

"दारं त्याच्या वाट्याची आहेत," थोरला सुतार म्हणायचा. विषय संपायचा.

या सगळ्यात माझ्याकडे कुणी बघेना. माझं जुनं झाकण फुटलं, खड्ड्यात भुसा पडत राहिला. मग एका दुपारी धो धो पाऊस लागला आणि माझा चेंडू भुशाच्या लगद्यात रुतून बसला. पाणी चढतंय हे मला कळत होतं, पण चेंडू उठल्याशिवाय मला हलता येत नाही. पाणी फरशीवर आलं.

वरून वहिनीचा आवाज आला, "अहो, एवढा पाऊस आणि पंप गप्प कसा?"

मेन स्विच बंद करून सुतार खाली धावला. हत्यारं, गिऱ्हाइकाच्या तयार खुर्च्या, सगळं सोडून त्याने आधी कपाटाला हात घातला. एकट्याला झेपेना. वहिनी पदर खोचून उतरली. दोघांनी ते जिन्यावर चढवलं, पण तोवर त्याचे पाय भिजून फुगले होते.

दुसऱ्या दिवशी प्लंबरने मला साफ केलं, वर नवं जाळीचं झाकण बसवलं. "काका, पंपाला बोल लावू नका," तो म्हणाला. "तुमच्या छपराचं पाणी भिंतीच्या पायाशीच पडतंय. तो पाइप लांब न्या, भिंतीलगतची माती बाहेरच्या बाजूला उतरती करा. आणि महिन्यातून एकदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप चालतो का बघा."

सुताराने आठवड्याभरात सगळं केलं, कपाटही दोघांनी परत खाली आणून ठेवलं. मग वहिनीने आपणहून धाकट्याचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवून त्याच्या हातात दिला.

"तुझं कपाट भिजलं," सुतार म्हणाला.

पलीकडून धाकटा म्हणाला, "दादा, ते अजून ठेवलंयस?"

"पाय फुगलेत."

"मोडून टाक मग. फळ्या चांगल्या आहेत, दुसऱ्या कामाला वापर." मग त्याने विचारलं, "वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे."

फोन ठेवून सुतार पायरीवर बसला. "वापर म्हणाला."

"मग?" वहिनीने विचारलं.

"आधी वाळू दे."

याला सात महिने झाले. सुतार रोज सकाळी खाली येतो, वाकून कपाटाचे पाय चाचपतो आणि वर हाक मारून सांगतो, "अजून ओल आहे गं." वहिनी नुसतं "बरं" म्हणते.

ओल कुठे आहे नि कुठे नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? ते लाकूड केव्हाच खडखडीत वाळलंय. पण मला त्याच्याशी बोलता आलं असतं, तरी मी हे सांगितलं नसतं.

माझंही वय झालंय. हल्ली सुरू होताना घरघर होते. आणखी एखाददोन मोठे पाऊस निभावीन. धाकट्याने तेवढ्यात यावं. तोवर कपाटाच्या पायाशी पाणी येऊ देणार नाही.