आष्टीची खुर्दबीन

मी एक जुनी खुर्दबीन आहे, मित्रांनो. तुमच्या पुस्तकात मला सूक्ष्मदर्शक म्हणतात. नुसत्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते मोठं करून दाखवायचं, हे माझं काम. माझी पितळी नळी परदेशातल्या कारखान्यात घडली. तिथून मी बोटीनं आणि आगगाडीनं हैदराबादच्या एका कॉलेजात आले. पुढे तिथे नव्या खुर्दबिनी आल्या आणि मी मागे पडले. मग त्या कॉलेजातल्या बद्रीनाथ प्राध्यापकांनी मला आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या, रामरावांच्या हाती सोपवलं. रामराव आष्टीच्या शाळेत विज्ञान शिकवत; आमचा मुलुख तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता.

परतूर स्टेशनापासून आष्टीपर्यंत मी बैलगाडीतून आले, तीही रामरावांच्या मांडीवर. पावसाळ्यात ही वाट काळ्या चिखलात बुडायची आणि गाव जगापासून तुटायचं. मुलं पुस्तकातली चित्रं पाहून धडे घोकायची. रामरावांना ते फार खुपायचं. "पिकावर रोग पडतो इथं, मंग त्याचा शोध हैदराबादेतच का लागावा?" असं ते म्हणत.

एका वर्षी आष्टीच्या ज्वारीवर काणी पडली. कणसात दाण्यांऐवजी नुसती काळी भुकटी. सगळ्यात जास्त नुकसान गोजरबाईंचं झालं. नवऱ्यामागे त्या एकट्या शेती बघत. आदल्या उन्हाळ्यात खतासाठी त्यांच्या रानात बिरू धनगराची मेंढरं बसली होती.

"ह्याच्या मेंढरांनीच माझं रान काळं केलं," गोजरबाई चावडीवर म्हणाल्या. गावालाही ते पटलं. बिरूनं शिवारात पाय ठेवायचा नाही, असं ठरू लागलं.

बिरू हात जोडून म्हणाला, "माय, माझ्या बापापासून मेंढरं इथंच बसून राह्यली. आता मी जाऊ कुठं?"

रामराव उठले. "एक हंगाम थांबा. बिरूचा दोष निघाला तर मी सोता त्याला गावाबाहेरची वाट दाखवीन."

त्यांनी ती भुकटी काचेवर घेऊन माझ्याखाली धरली. गोल गोल, बारीक कण दिसले. गोजरबाईंच्या घरातल्या निरोगी दिसणाऱ्या बियाण्याच्या सालीवरही तेच कण चिकटलेले होते! रामरावांनी लगेच हैदराबादला कळवलं. वाट सुकल्यावर बद्रीनाथ स्वतः आले.

"रामराव, ही काणी आम्हांला माहीत आहे. ती बियाण्यातूनच येते. नमुने द्या, बाकीचं आम्ही तिकडे बघतो."

"सर, तिकडं बघितलेलं गाव मानायचं न्हाई. इथंच करू द्या. चुकलो तर तुम्ही सांगा."

मोठ्या माणसाला असं ऐकायची सवय नसते. पण बद्रीनाथ हसले आणि शाळेच्या ओसरीत मुलांमध्ये मांडी घालून बसले. काच कशी पुसायची, जे दिसतं तेच कागदावर कसं काढायचं, आणि मनातलं चित्रात कसं येऊ द्यायचं नाही, हे त्यांनी शिकवलं. माझ्यातून पाहायला त्यांनी गोजरबाईंनाही बोलावलं. त्या किती तरी वेळ एक डोळा मिटून पाहत राहिल्या.

"हे माझ्याच बियाण्यावर होतं?" त्यांनी हळूच विचारलं. आणि मग म्हणाल्या, "माझं रान घ्या. बराबर करून बघा."

त्या रानाचे चार तुकडे केले. दोन तुकड्यांत बिरूची मेंढरं बसवली, दोन मोकळे ठेवले. दोन्हीकडच्या एकेका तुकड्यात काणीचे कण मारायला गंधक चोळलेलं बियाणं पेरलं, दुसऱ्यात न चोळलेलं. मुलं रोज पाहणी करायला जात. बिरू बांधावर उभा राहून लांबूनच कणसं न्याहाळायचा.

कणसं भरली. जिथे गंधक लावलं होतं तिथे ज्वारी मोत्यासारखी पांढरी. नव्हतं लावलं तिथे काणी, मेंढरं बसलेली असोत वा नसोत. उलट मेंढरं बसलेल्या आणि गंधक लावलेल्या तुकड्यातलं पीक तर सगळ्यांत भरदार!

गोजरबाई सरळ बिरूकडे गेल्या. "बिरू, माझा बोल खोटा ठरला. यंदा सगळ्यांच्या आधी माझ्याच रानात मेंढरं बसव."

 बिरूनं मान हलवली आणि खांद्यावरच्या घोंगडीनं डोळे पुसले.

बद्रीनाथांनी त्या प्रयोगाची हकिगत हैदराबादेत विद्वानांपुढे वाचली, तेव्हा आधी आष्टीच्या शाळेचं नाव घेतलं, मग आपल्या कॉलेजाचं. पुढे अंबड तालुक्यातले शिक्षकही आमच्याकडे शिकायला येऊ लागले. मित्रांनो, ते माझे खरे सुखाचे दिवस!

रामराव म्हातारे झाले, शाळा सोडून गेले. नवे मुख्याध्यापक आले. माझं काही बिघडू नये म्हणून त्यांनी मला कुलपात ठेवलं. मुलांचे आवाज मला बाहेरून ऐकू येत. माझ्या भिंगावर बुरशी चढू लागली.

एके दिवशी पिकल्या केसांच्या गोजरबाई कपाशीची डागाळलेली पानं घेऊन आल्या. "हे त्या खुर्दबिनीतून बघायचंय."

"बाई, ती फार मोलाची आहे. जपून ठेवलीय."

"जपून ठिवली, का पुरून ठिवली?"

 मुख्याध्यापकांनी किल्ली आणून मला बाहेर काढलं, मऊ कापडानं पुसलं आणि खिडकीशी मांडलं. पान पाहून ते प्रामाणिकपणे म्हणाले, "मला हे कळत नाही. हैदराबादला विचारू. तोवर मुलं रोज पाहून चित्रं काढतील."

तेव्हापासून मी खिडकीशीच आहे. मित्रांनो, माझी काच धुळीपासून सांभाळा, मला ओल लागू देऊ नका. पण हात लावायला भिऊ नका. या, एक डोळा मिटा आणि बघा.