आढीत निजवलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी, रिकामी बाटली आहे. माझ्यात जे होतं ते चाखायचं तुमचं वय नाही, पण माझी गोष्ट ऐकायला वयाची अट नाही.

नाशिकजवळच्या एका वायनरीत उन्मेषनं मला भरलं. शिराझ नावाच्या काळ्या द्राक्षांची ती त्याची पहिलीच वाइन. त्यातल्या दोनच बाटल्या त्यानं राखल्या, मी आणि माझी जुळी बहीण. ती तिथल्या गार तळघरात राहिली. मला तो रत्नागिरीला वडिलांकडे घेऊन आला.

श्रीपती हापूसचे बागायतदार. बाग सोडून द्राक्षांमागे गेलेल्या मुलाशी ते दोन वर्षं धड बोलले नव्हते. उन्मेष म्हणाला, "बाबा, ही पाच वर्षं मुरू द्या. मग दोन्ही शेजारी ठेवून चव बघू. तुमच्यासारखं नाक कुणाला आहे?" श्रीपतींनी मला दोन्ही हातांनी घेतलं. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. मला कुठे ठेवायचं, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

त्यांनी मला आंब्यांच्या आढीत, पेंढ्यात आडवं निजवलं.

"अहो, ती काय आंबा आहे?" त्यांची बायको उमा म्हणाली. "उन्मेषला विचारा तरी."

"अगो, मुरायचं म्हटलं की ऊब लागतेच. पिकवायचं मी त्याला विचारू?"

मला त्यांनी फार जीव लावला. फळ फिरवतात तसं दर आठवड्याला फिरवायचे, ओलसर पेंढा बदलायचे. पण वैशाखात वर पत्र्याची धग, खाली पिकत्या आंब्यांची ऊब. वाइन आतल्या आत उकडायची, बुचाच्या कडेनं पाझरायची. उन्मेष गणपतीला यायचा, पण माझी चौकशी करत नसे. बाबांना तो अविश्वास वाटेल, अशी त्याला भीती.

पाच वर्षांनी तो बहिणीला घेऊन आला. ओटीवर दोघांसाठी दोन-दोन असे चार पेले मांडले. बहिणीच्या पेल्यातून जांभळाचा आणि मिऱ्याचा वास आला. "अरे, हे तू केलंस?" श्रीपती म्हणाले. ते त्यांनी केलेलं पहिलं कौतुक होतं. मग त्यांनी माझा पेला नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. आयुष्यभर वासावरून फळ ओळखणाऱ्या माणसाला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"आंबली रे," ते म्हणाले. "मीच नासवली तुझी वस्तू."

उन्मेषनं आपला पेला शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. "बरी आहे, बाबा."

श्रीपती उठून परसात गेले. मुलगा आपल्यासाठी खोटं बोलला, हे त्यांना फार लागलं.

यंदा आंबे आढीत घातले तेव्हा माझा कोपरा त्यांनी मोकळाच ठेवला. मी आता खिडकीत असते. रोज सकाळी ते पंच्याच्या टोकानं माझी धूळ पुसतात.

मित्रांनो, जीव जरूर लावा. पण ज्याला लावता त्याला काय मानवतं, ते आधी विचारा. नाशिकला एक फोन पुरला असता.