पदरात घेतलेला फॉल्ट

सोनबानं आयुष्यात किती भांडणं मिटवली याची गणती त्याची त्यालाही नव्हती. कापडे गावाच्या वर डोंगरात त्यांची तीस घरांची वाडी. कुणाचा बैल कुणाच्या नाचणीत शिरो, कुणाच्या बांधाचा दगड सरको, नाहीतर शिमग्याच्या पालखीत कुणी कुणाला शिवी घालो, प्रकरण शेवटी भैरीच्या देवळात गावकीपुढं यायचं, आणि गावकी म्हणजे सोनबा. तो दोघांचं ऐकून घ्यायचा. अर्धंमुर्धंच ऐकायचा खरं तर. मग त्यातला जो नरम दिसेल त्याला म्हणायचा, "चूक पदरात घे रे बाबा. माझं चुकलं म्हण, नारळ ठेव नि मोकळा हो." ज्याचं नुकसान झालं असेल त्यानं तो नारळ फोडायचा, खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांनी तोंडात टाकायचा. त्यानंतर तो विषय वाडीत कुणी काढायचा नाही. काढलाच, तर काढणाऱ्यानं नारळ ठेवायचा.

झकास पद्धत होती, खोटं कशाला बोला! या वाडीतलं माणूस कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलं नव्हतं ते याच्यामुळंच. चूक खरोखर कुणाची, हे मात्र कधी कुणी खोदून विचारलं नाही. विचारायचं कशाला? मिटल्याशी मतलब.

सोनबाचा मुलगा राहुल महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. नऊ वर्षं झाली होती. भावकीतल्या चांगूला त्यानंच चिकटवून घेतलं होतं, हेल्पर म्हणून. दोघं एकाच मोटरसायकलवर जायचे, एकाच शिफ्टला. फागुनात एका दुपारी राहुल पॅनलवर आणि चांगू खाली टाकीपाशी असताना नळीचा जोड सुटला. वाफ अंगावर आली. राहुल धावत खाली गेला, चांगूला ओढून बाहेर काढलं, स्वतःही खोकून खोकून पडला. राहुल वाचला. चांगू तिसऱ्या दिवशी गेला. मागं बायको रखमा आणि दोन लहान पोरी.

राहुल घरी आला तो मुकाच. जेवायला बसला की ताटाकडं बघत राहायचा. त्याची आई राहीबाई म्हणायची, "अरे, काय झालं ते बोल तरी." तो मान हलवायचा.

चांगूचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीचे साहेब आले. गाडी खाली ठेवून, बूट धुळीनं माखवत चढण चढून आले. ओटीवर आल्याबरोबर सोनबाच्या पाया पडले. एवढा मोठा माणूस! सोनबा विरघळलाच.

"काका, आम्हाला कुणावर ठपका ठेवायचा नाही," साहेब म्हणाले. "घरातला विषय घरातच मिटवू. राहुलनं 'फॉल्ट माझा' एवढं लिहून द्यायचं. आमच्या फायलीत एक कागद लागतो, बाकी काही नाही. पुढं कंपनी त्याला सांभाळून घेईल."

आता हा फॉल्ट शब्द वाडीला नवा नव्हता. लाइट गेली की वायरमन खांबावर चढायचा, 'फॉल्ट सापडला' म्हणून ओरडायचा आणि पोरं टाळ्या वाजवायची. गिरण बंद पडली की मोटरीत फॉल्ट. मुंबईवाले गणपतीला एक दिवस उशिरा आले की म्हणायचे, "गाडी लेट, त्यात माझा काय फॉल्ट?" खोकला राहिना तर छातीत कायतरी फॉल्ट हाय, आणि जमलेलं लग्न मोडलं तर पोरीत फॉल्ट असणार. मेला कुठंही चिकटायचा तो शब्द! गुन्हा म्हटलं की अंगावर काटा यायचा, फॉल्टचा कुणाला धाक नव्हता. पण शब्द कुठलाही असता तरी सोनबानं तेच केलं असतं. त्याला त्या कागदात नारळ दिसत होता.

राहुल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "बाबा, तो पॅनलवरचा दिवा..." एवढंच तो बोलला.

"दिवाबिवा मला सांगू नको," सोनबा कडाडला. "साहेब आपल्या दारात आलेत. आपलं माणूस गेलंय, ते तुझ्या शिफ्टला गेलंय. चूक पदरात घे नि मोकळा हो. माणूस लहान होत नाय त्यानं."

"अवो, पोर काय सांगतंय ते आयका तरी," राहीबाई आतून म्हणाली.

"तू गप गो!"

राहुलनं बापाकडं बघितलं. हा माणूस सगळ्या वाडीला सोडवतो, आपल्याला बुडवील कसा, असंच त्याला वाटलं असणार. साहेबांनी पेन पुढं केलं. राहुलनं सही केली.

आठ दिवसांत पोलीस आले. वाडीत पहिल्यांदा. निष्काळजीपणानं माणूस मारल्याचा गुन्हा, आणि वरती त्याच्याच सहीचा कागद. जामीन झाला, पण केस उभी राहिली. कंपनीनं आधी घरी बसवलं, मग काढूनच टाकलं. वसाहतीतल्या दुसऱ्या कंपन्यांत गेला तर गेटवरच नाव विचारायचे आणि परत पाठवायचे. शेवटी राहुल मुंबईला एका बिल्डिंगीवर वॉचमन म्हणून लागला. निघताना आईच्या पाया पडला. बापाला एवढंच म्हणाला, "बाबा, तुमी बोललात, मिटतं म्हणून."

सोनबाला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण त्याचं मन अजून जुन्याच वाटेनं चालत होतं. त्याला वाटलं, चुकलं कुठं? नारळ राहिला! कबुली झाली, पण नारळ फुटला कुठं? ज्यानं कबुली घेतली त्यानं फोडायला हवा होता. दुसऱ्या दिवशी चांगला पाणीदार नारळ पिशवीत घालून तो एसटीनं महाडला गेला, तिथून रिक्षानं कंपनीच्या गेटवर.

"साहेब मीटिंगमध्ये हायेत," वॉचमन म्हणाला.

सोनबा कुंपणाच्या सावलीत बसून राहिला. दुपार कलली. साहेबांची गाडी बाहेर पडली. सोनबा उठला, नारळ दोन्ही हातांत धरून पुढं झाला. साहेबांनी बघितलं, नक्की बघितलं. काच वर होती ती वरच राहिली.

वॉचमनला कणव आली. "आजोबा, हितं नारळ फकस्त दसऱ्याला फोडतात," तो म्हणाला. "मशीनला. जा घरी."

तोच नारळ घेऊन सोनबा संध्याकाळी रखमाच्या दारात आला. ती पोरींना भात वाढत होती. त्यानं नारळ उंबऱ्यावर ठेवला.

"रखमा, तुझा नवरा गेला. राहुलच्या वतीनं मी चूक पदरात घेतो. तू हा फोड गो पोरी, म्हंजे सुटेल तो यातून."

रखमानं हात धुतले आणि बाहेर आली. नारळाला शिवली नाही.

"तात्या, तुमाला राहुलनं काय सांगितलं नाय?"

"काय?"

"तो पॅनलवरचा लाल दिवा महिनाभर पेटलेला व्हता. आमचे रोज घरी येऊन सांगायचे. राहुलनं तीनदा वहीत लिवलं, मशीन बंद करा म्हणून. हेच तुमचे साहेब म्हणाले, माल जायचाय, चालू ठेव. राहुल तर दवाखान्यात माझ्यासमोर रडला, वहिनी, मी आयकायला नको व्हतं त्यांचं."

सोनबा खाली बसला.

"मी राहुलच्या वकिलाला सांगितलं ह्ये सगळं," रखमा म्हणाली. "तो म्हणतो, वही पायजे. वही कंपनीकडं. कंपनी म्हणते, तसलं पानच नाय. नि वर त्याची सही, फॉल्ट माझा. कुणी करायला लावली ती सही?"

रखमानं नारळाकडं बोट केलं.

"राहुलनं माझं वाटोळं केलं असतं तर फोडला असता मी. पण हा नारळ फुटला का विषय संपला, पुना काढायचा नाय. मंग त्या दिव्याचं कोण बोलणार? न्या तो. मला मिटवायचं नाय, तात्या."

त्यानं नारळ उचलला. घरी आणून फळीवर ठेवला. तारखेला राहुल यायचा तो मुंबईहून थेट कोर्टात, आणि तिथूनच परत. सोनबा व्हरांड्यात जाऊन बसायचा. राहुल विचारायचा, आयची तब्येत बरी हाय? सोनबा म्हणायचा, बरी हाय. मग पुढची तारीख मिळायची आणि राहुल मागं न बघता स्टँडकडं चालू लागायचा. एकदा सोनबानं हाक मारली. तो थांबला, पण सोनबाला शब्द सुचला नाही. गाडी सुटेल, असं म्हणून राहुल गेला.

भादव्यात गावकी बसली. गोमाजीच्या भाताचं पाणी कुणीतरी पाट फोडून पळवलं होतं, आणि आळ होता शेजारच्या साहिलवर. साहिल नुकताच संसाराला लागलेला, स्वभावानं गरीब. गोमाजी तावातावानं बोलून बसला. सगळे सोनबाकडं बघू लागले. पुढं काय होणार हे सगळ्यांना पाठ होतं. साहिलनं तर घरून निघतानाच नारळ आणला होता. तो पिशवीतून काढून त्यानं खाली मान घालून देवापुढं सरकवला.

सोनबानं तो नारळ उचलला आणि परत साहिलच्या हातात दिला.

"साहिल," तो म्हणाला, "तू फोडलास का रे पाट?"

असला सवाल गावकीत कुणी ऐकला नव्हता. साहिल गोंधळला. त्यानं एकदा गोमाजीकडं बघितलं, एकदा सोनबाकडं.

"नाय तात्या," तो म्हणाला. "मी त्या दिवशी पोलादपूरला व्हतो. पण इचारलं कुणी?"

चारचौघांत, देवासमोर सोनबाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायचंही त्याला भान राहिलं नाही. हा सवाल त्यानं फागुनात, घरच्या ओटीवर विचारायला हवा होता.