अर्काच्या वाट्या

वाटी ओव्हनमध्ये ठेवण्याआधी तिला नाक लावायचं, हा आमच्या प्रयोगशाळेचा अलिखित नियम. टणक लाकडाचा भुसा अल्कोहोलमध्ये उकळायचा, उतरलेला तपकिरी अर्क वाटीत आटवायचा, मग सुकवून तोलायचा. त्यातली राळ आणि तुरट टॅनिन, लाकडातली साखर आंबवून इंधन करणाऱ्या यीस्टच्या जिवावर उठतात. ती किती आहेत हे कळलं, तरच त्या लाकडापासून इंधन काढायचं की नाही ते ठरतं. पण अल्कोहोल पुरतं उडालं नसताना वाटी तापलेल्या ओव्हनमध्ये गेली, तर भडकाच.

आणि मला वास येत नव्हता.

तापातून उठले तेव्हापासून. परवा घरी दूध करपून कोळसा झालं, नवरा अंगणातून धावत आला, आणि मी चुलीशेजारी भाजी निवडत बसले होते. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हळूहळू म्हणजे कधी, ते काही बोलले नाहीत. नोकरीत मी अजून कायम नव्हते. सांगितलं असतं तर हातात नारळ ठरलेला. म्हणून वाटी नाकाशी न्यायची, मान डोलवायची आणि भीतीपोटी अर्क दुप्पट वेळ आटवायचा. माझ्यामागून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमही वाकून हुंगायच्या, तेवढाच जिवाला आधार.

त्या दिवशी मॅडमना अहवालाची घाई होती. वाट्या त्यांनीच लवकर उतरवल्या. चार मी देवाचं नाव घेत आत सारल्या. मॅडमनी प्रत्येकीवर वाकून होकार दिला होता. पाचवी उचलली, नाकाशी नेली. मी वाटी खाली ठेवली.

"मॅडम, मला वास येत नाही. ताप आल्यापासून."

आता कडाडतील म्हणून मी मान खाली घातली. वर पाहिलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक.

"अगं, मलाही येत नाही," त्या म्हणाल्या. "कित्येक वर्षं झाली. तू मान डोलावलीस की मी डोलवायचे."

मॅडमनी माझं मनगट धरलं आणि मला दाराबाहेर ओढलं. मेन स्विच बाहेरच्या पॅसेजमध्ये होता, तो खाली केला. मग आम्ही दोघी दाराच्या काचेतून ओव्हनकडे बघत उभ्या राहिलो. माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.