परीक्षेचा पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे आणि गेली नऊ वर्षं मला पाण्याचा थेंबही लागलेला नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा रंग निळाशार होता. एका पाच मजली इमारतीत मी रोज पहाटे गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी नळ वाजला की म्हणायच्या, "आला बाई एकदाचा!" ते मी माझंच कौतुक समजायचो. मग नवा पंप आला आणि मी भंगारात गेलो. तिथून पंपदुरुस्तीच्या एका कंपनीनं मला उचललं आणि बोल्टांनी टेबलावर आवळून टाकलं.

तेव्हापासून मी नोकरीची परीक्षा आहे. उमेदवार येणार म्हटलं की मिस्त्री मला मुद्दाम बिघडवतात. कधी वायर सैल करतात, कधी आत चिंधी कोंबतात. उमेदवारानं दोष शोधायचा, दुरुस्त करायचा आणि मला चालू करून दाखवायचं. तेही कोरडंच. पाण्याशिवाय पंप फिरवला की आतलं सील जळतं. पहिल्यांदा फार दुखलं. आता काही वाटत नाही.

मध्यंतरी एक ताई आल्या. आधीची कंपनी बंद पडून सात महिने झाले होते आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. त्यांनी चौथ्याच मिनिटाला चिंधी बाहेर काढली.

"शाबास! आता बटण दाबा, नोकरी तुमची," मिस्त्री म्हणाले.

"आधी पाणी जोडू ना? कोरडा फिरवला तर सील जाईल."

"अहो ताई, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही! परीक्षेचा पंप आहे हा."

"तरी पंपच आहे ना."

"मला कागदावर 'चालू केला' असं लिहायचंय. बाहेर अजून सहा जण बसलेत."

ताईंनी दाराकडे पाहिलं, मग तोंड फिरवून बटण दाबलं. मी घरघरलो. त्यांना नोकरी मिळाली, पण चेहऱ्यावर आनंद काही दिसला नाही. मलाही राग आला नाही. तो कधीच जळून गेलाय.

काल मिस्त्री रजेवर होते. नव्या उमेदवारासाठी ताईंनीच माझ्यात चिंधी कोंबली. त्यानं ती काढली आणि विचारलं, "ताई, पाणी?"

"कोरडाच फिरव," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, कामाची परीक्षा जरूर घ्या. हातानं काम करून दाखवेल त्यालाच निवडा. पण माझ्या टेबलापासून नळ दहा पावलांवर आहे. कुणीतरी एक बादली भरून आणा.