काठीवरच्या चार खाचा

लोरिंडाने एक प्रश्न आठ महिने पोटात ठेवला होता.

मार्चमध्ये तिला संग्रहालयात पणजोबांची काठी सापडली. सग्वारो निवडुंगाच्या वाळक्या बरगडीची. दर वर्षाची एक आडवी खाच आणि मधेमधे त्या त्या वर्षी घडलेल्याच्या खुणा. अशी काठी वाचावी ती कोरणाऱ्याने, नाहीतर त्याने ज्याला वाचून दाखवली त्याने. आता उरली होती त्यांची धाकटी लेक, फिलोमिना आजी. पण उन्हाच्या दिवसांत साप बाहेर असताना जुनं काही विचारायचं नाही, नाहीतर साप डसतो, हे लोरिंडाच्या अंगात भिनलेलं. त्यात घरात रांगती लेक, डेल्मा. उगाच परीक्षा कशाला? तिने थंडी पडू दिली.

प्रबंध मात्र थंडीसाठी थांबणार नव्हता. एका जुन्या पुस्तकात चार उभ्या खाचांचा अर्थ दिला होता : एका वर्षात चार मृत्यू. लोरिंडाने त्यावर गावातल्या साथीचं अख्खं प्रकरण उभारलं. सोमवारी ते द्यायचं होतं.

"मार्चपासून गप्प?" थंडी पडल्यावर संग्रहालयात काठीसमोर आणून बसवलेली आजी हसून हसून खोकायला लागली. "अगं वेडे, सापांची आडकाठी जग कसं झालं त्या गोष्टींना! ही तर गावची खबर. खबर काय उन्हाळ्यात बंद असते?"

संग्रहालय सांभाळणारी आयरीन खाली मान घालून हसली. "पोर आणि रोटी टेबलापासून लांब ठेव हं," तिने बजावलं. डेल्मा दाराशी रोटीचा जाड काठ चघळत बसली होती. लोरिंडाचा एक डोळा तिच्यावर, एक काठीवर.

आजीला आता दिसत कमी होतं. तिची बोटं खाचांवरून सरकत होती. "हा पूर. ही रेल्वेवर गेलेली माणसं. हे..." ती थांबली. काठी उलटी केली, पुन्हा सुलटी. "दोन वर, दोन खाली."

"पुस्तकात चारही एका ओळीत काढल्यात," लोरिंडा म्हणाली. "आजी, त्या वर्षी कोण कोण गेलं?"

"कुणी नाही गं. पाऊस छान झाला. बाबा मला म्हणायचे, 'त्या वर्षी तुझ्या बहिणीने साल चावलं.'"

"काय चावलं?"

"साल! त्या वर्षाची खाच! काठी पावसात भिजून मऊ झाली होती, रोझिल्डाला दात येत होते. आई म्हणाली, तासून टाका. बाबा म्हणाले, का तासू? हेही या वर्षी घडलंच की."

रोझिल्डा म्हणजे फिलोमिना आजीची थोरली बहीण, लोरिंडाची सख्खी आजी. आठ महिन्यांचं प्रकरण, आणि ते एका बाळाने कुरतडलेलं!

ती उठली. डेल्माच्या मुठीतला तुकडा काढून घेतला तसं पोरीने भोकाड पसरलं. रोटीवर दातांचे ठसे : दोन वर, दोन खाली. लोरिंडाने दारातच पट्टी लावून अंतर मोजलं. मग हात स्वच्छ धुऊन काठीवर मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. जवळजवळ तेवढंच.

"आता सोमवारचं काय गं?" आयरीनने हळूच विचारलं.

"सोमवारी सरांना कळवते, चारही माणसं जिवंत निघाली." तिने वहीतलं 'साथ' खोडलं आणि नवं पान काढलं. "आजी, पहिल्यापासून. पुरापासून सांग."

"आधी त्या पोरीला तिची रोटी दे," आजी म्हणाली.