काळ्या अकीकाचं पोट

समोरच्या रिकाम्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीत खडेबाबा, आणि शेजारी त्यांचा चेला. हातात जाड रबरी मोजे घालून तो चिनी मातीच्या बरणीतून चिमट्यानं एकेक दगड काढत होता. सकाळी आत टाकलेला राखी रंगाचा दगड उन्हं उतरताना बाहेर यायचा तो काळाकुळकुळीत. दगड वर आला की सगळी गर्दी एका घशानं "आ" करायची.

"बघा, ही तुमच्या छातीतली काजळी!" खडेबाबा गरजायचे. "अकरा रात्री दगड छातीवर झोपला, रोग प्याला, आणि माझ्या पाण्यानं तो उघडा पाडला. डॉक्टर रोग दाबतो, मी काढतो! आता गोळ्या खाल, तर रोग रुसून परत आत शिरेल!"

रुसणारा रोग! रस्त्यापलीकडे आपल्या कारखान्याच्या दारात बसलेल्या मावशीनं नाक मुरडलं. सगळी गल्ली तिला पाठीमागे 'करवत' म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

गल्ली सगळी अकीक घासणाऱ्यांची. पट्ट्यापट्ट्यांचे दगड कापायचे, चाकावर घासायचे, आरशासारखी झिलई द्यायची. मग दगड जायचे हौशी लोकांच्या कपाटात शोभेला, आणि चाकावरची धूळ जायची घासणाऱ्याच्या छातीत. मावशीच्या थोरल्या लेकाच्या छातीत ती अशी बसली की मागोमाग क्षय आला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सहा महिने गोळ्या सांगितल्या. दोन महिन्यांत ताप उतरला, खोकला कमी झाला, अंगावर जरा मांस आलं, आणि नेमका तेव्हाच हा बाबा उगवला. थोरल्यानं त्याच्याकडून दगड आणला आणि गोळ्या बंद केल्या.

"अरे, मध्येच सोडल्या तर रोग दुप्पट माजेल, असं बाई सांगून दमल्या!"

"आई, तुला काय कळतंय त्यातलं? दुसरी पास तू."

"दुसरी नापास," मावशी म्हणाली. "उगाच वाढवून सांगू नकोस."

एरवी तिनं बाबाला एका बैठकीत सोलून काढला असता. पण बाबानं तिच्याच घरातला साक्षीदार उभा केला होता. "पुरावा हवा? मावशींच्या काचेच्या कपाटात बघा! जमिनीनं युगानुयुगं दुःख शोषलं, म्हणून तो अकीक जन्मजात काळा!"

तो अकीक मुठीएवढा होता. त्यात बघून भांग पाडावा अशी त्याची झिलई, मावशीच्या नवऱ्याच्या हातची. नवरा गेला, पण दगड बघायला अजून लांबून लांबून माणसं यायची, कपाटापुढे चपला काढून उभी राहायची. आणि तीस वर्षं मावशी प्रत्येकाला मान ताठ करून सांगत आली होती, "खाणीतून असाच निघाला. जन्मजात." म्हणून तिचं तोंड शिवलेलं होतं.

दगड घरात आल्याच्या तिसऱ्या दिवशी सून थोरल्याचं अंथरूण झटकत कुरकुरली. "सासूबाई, एवढ्या मुंग्या कुठून आल्या हो? साखरेचा दाणा नाही इथं."

मावशी उठली. मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरून उशीखाली शिरली होती, आणि उशीखाली होता बाबाचा दगड, थोरला रात्री छातीवर घ्यायचा तो. तिनं तो उचलला आणि थेट जिभेला लावला.

"अगंबाई! काय करताय?"

"गोड आहे," मावशी म्हणाली.

गोडच असणार. लग्न होऊन आली तेव्हा मागच्या खोलीत दार लावून हेच तर करायची ती. साखरेच्या पाकात तीन तीन आठवडे दगड भिजत ठेवायचे, मग नवरा ते तेजाबात, म्हणजे जाळणाऱ्या ॲसिडात, तापवायचा. अकीकाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. साखर त्यातून आत शिरते, तेजाबानं जळते, आणि आतल्या आत तिचा कोळसा होतो. दगड काळा! गल्लीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाकीच्यांकडे काळा माल बाहेरून तयार यायचा. घासणं त्यांचं, रंगवणं दुसऱ्याचं.

मावशीनं त्याच दुपारी कारखान्यातला तसाच एक राखी, साखर न चाखलेला दगड घेतला, हिऱ्याच्या टोकानं त्यावर एक रेघ ओढली आणि तो थोरल्याच्या उशीखाली सरकवला. बाबाच्या दगडावर दोन रेघा ओढल्या आणि तो आपल्या जुन्या चपलेत कोंबला.

बाराव्या दिवशी ती स्वतः थोरल्याबरोबर गोदामात गेली. दोन्ही दगड तिनं चेल्यापुढे ठेवले. "दोन्ही टाक. एक छातीवर झोपलेला, एक दुसरीकडे. कुठे ते संध्याकाळी सांगते."

संध्याकाळी दोन रेघांचा निघाला काळा. एका रेघेचा जसाच्या तसा राखी.

"हा राखी पोराच्या छातीवर होता," मावशी ओरडली, "आणि हा काळा माझ्या चपलेत! म्हणजे क्षय चपलेला झाला म्हणायचा!"

गर्दी खो खो हसली. पण खडेबाबा कसला हार मानतोय! त्यानं डोळे मिटले, आणि उघडले ते पाणावलेले. "माउली, चपलेनं गावभरचं पाप तुडवलंय, दगड काळा होणारच! आणि लेकाचा दगड राखी राहिला, कारण लेक बरा झाला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "ऐकलंस, आई?" थोरला म्हणाला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. लगेच खोकल्याची उबळ आली, आणि तो भिंतीला हात टेकून वाकला.

मावशीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग ती चालत घरी गेली आणि कपाटाची काच सरकवून काळा अकीक घेऊन आली. तो पदराखाली झाकायची तिला गरज वाटली नाही.

"चला सगळे माझ्या कारखान्यात. बाबा, तूही चल. तो चपलेतला दगड पण आण."

तिनं पाण्याची धार सोडली, पात्याचं बटण दाबलं.

"आई, तो आपल्या बाबांच्या हातचा दगड आहे!" थोरला ओरडला.

"तुझे बाबा गेले. तू आहेस."

पातं किंचाळलं. मग दगडाची दोन शकलं झाली, आणि मावशीनं ती वर धरली. बाहेरून काळी साल, नाण्याएवढी जाड. आत पोट राखाडी, तुमच्याआमच्या दगडासारखं. तिनं चपलेतला दगडही कापला. साल जरा पातळ, पोट तेच.

"हा जन्मजात काळा नाही. मी खोटं बोलले, तीस वर्षं. याला साखरेच्या पाकात मी बुडवला, या हातांनी. कपाटात बसून याला कुठला रोग होता रे, बाबा? कुणाच्या छातीवर झोपला होता?"

"तुझ्यावर कोप होईल!" बाबा म्हणाला.

"होऊ दे. आधी तुझ्या त्या पवित्र पाण्यात बोट घाल. मोजा न घालता."

बाबाचा हात पाठीमागे गेला.

"नको घालूस, हाड दिसेल," मावशी म्हणाली. "तेजाब आहे ते."

गल्लीतल्या माणसांनी जन्मभर दगडच कापले होते. कापलेल्या दगडाशी हुज्जत घालता येत नाही, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. शकलं हातोहात फिरली. बाबा आणि चेला बरणी सोडून कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही, आणि सटकू दिलं याची हळहळ नंतर आठवडाभर चालली.

थोरल्यानं शकलाच्या काळ्या कडेवरून नख फिरवलं. मग तो म्हणाला, "गोळ्यांचं पाकीट कुठंय?"

सुनेनं ते कमरेला खोचलेलंच होतं. बारा दिवस.

"उद्या सकाळी आधी डॉक्टरीणबाईंकडे," मावशी म्हणाली. "बारा दिवस बुडवलेत ते खरं खरं सांगायचं." मग ती गर्दीकडे वळली. "आणि तुम्हीही ऐका. छातीतली धूळ कुठलाही दगड ओढून काढत नाही. ती आत जाऊ नये एवढंच आपल्या हातात आहे. चाकावर पाण्याची धार चालू ठेवा, तोंड बांधा, खोकला आला की दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी विचारा, याच्या पोटात काय आहे? माझ्यासारख्या म्हातारीनं सांगितलं तरी विचारा. मी तीस वर्षं फसवलं तुम्हाला, एकानंही विचारलं नाही!"

अकीकाचं शकल पुन्हा काचेच्या कपाटात गेलं, पण कापलेली बाजू बाहेर करून. परवा एक हौशी पाहुणा हळहळला, "अरेरे, एवढा सुंदर दगड कुणी हो फोडला?"

"मी," मावशी म्हणाली. "आता बघा नीट. आत्ता कुठे तो बघण्यासारखा झालाय."